डब्यातली पावडर आणि खाचरातला वाल

पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते. खांबलिंगेश्वराचे दर्शन झाले की निम्मी माणसे बैलबाजाराकडे वळतात. तिथे जाणता शेतकरी बैल कसा पारखतो ते बघा. दात बघतो, पाठीवरून हात फिरवतो, चार पावले चालवून पाहतो आणि मग मालकाला हळूच विचारतो, "खायला काय घालता याला?" नुसत्या पेंढ्यावर पोसलेला बैल लांबूनच ओळखू येतो. पेंढ्याने पोट भरते, अंग भरत नाही. अंग भरायला पेंड लागते, हे म्हशाच्या बाजारात कोणाला शिकवावे लागत नाही.

शेतकरी बंधूंनो, पेंडीत जे असते त्यालाच पुस्तकात प्रथिने म्हणतात आणि शहरातली पोरे प्रोटीन म्हणतात. गोठ्यातला हा हिशेब आपल्याला तोंडपाठ आहे. चुलीपाशी मात्र तो चुकतो. पेंढा आणि पेंड यांचे जे नाते, तेच भात आणि डाळीचे. बैलाला वेळेवर पेंड घालणारे घर स्वतः मात्र डोंगराएवढा भात आणि त्यावर पाण्यासारखे वरण खाऊन उठते. मग घरातले पोर दमायला लागले, की गावात मिळणारा उपाय म्हणजे डबा.

हा डबा आता तालुक्याच्या गावापुरता राहिलेला नाही. मुरबाड-शहापूरच्या दुकानांत तो होताच, आता मोबाईलवरून मागवला की घरपोच येतो. पहाटे रस्त्याने पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे पळताना दिसतात. त्यांना कोणीतरी सांगितलेले असते की पावडर घेतल्याशिवाय छाती फुगत नाही, गोळा लांब जात नाही. दोन-अडीच हजारांचा किलोभर डबा महिनाभरात संपतो. बाप वीटभट्टीवर किंवा मजुरीला, आणि पोराच्या डब्यासाठी उसनवारी! पोराला दोष देत नाही, नोकरीची ओढ खरी आहे. सातवा महिना लागलेल्या सुनेसाठी सासू डबा आणते तेही मायेनेच. पण माया आणि हिशेब दोन्ही पाहिजेत, म्हणून आज हा विषय घेतला.

आधी गरज किती ते पाहू. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था याचे आकडे ठरवते. तिच्या २०२० च्या आकड्यांप्रमाणे मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम आणि ५५ किलोच्या बाईला ४६ ग्रॅमच्या आसपास. गरोदरपणात शेवटच्या तीन महिन्यांत त्यावर २२ ग्रॅम जास्त. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने १७ ग्रॅम जास्त.

आता ताटात काय येते? शंभर ग्रॅम तांदळात सात-आठ ग्रॅम प्रथिने असतात. तूर, हरभरा यांच्या डाळीत एकवीस-बावीस, मुगात चोवीसच्या जवळपास. वालही त्याच पंगतीला बसतो. शेंगदाण्यात पंचवीस. एका अंड्यात सहा. म्हशीच्या पेलाभर दुधात आठ. सुक्या बोंबलात आणि सुक्या जवळ्यात तर शंभर ग्रॅममागे साठाच्या आसपास! नाचणीबद्दल एक सांगून टाकतो, कारण हल्ली तिच्याविषयी वाटेल ते बोलले जाते. नाचणीत कॅल्शियम भरपूर आहे, ती जरूर खावी. पण प्रथिने सातच टक्के, तांदळाइतकीच. नाचणीने डाळीचे काम होत नाही.

भरतीच्या पोराचा हिशेब करू. मेहनत जास्त म्हणून त्याला नेहमीच्या दीडपट, म्हणजे ८० ते ९० ग्रॅम धरा. दिवसभरात चारशे ग्रॅम तांदूळ पोटात जातो, त्याचे ३० ग्रॅम झाले. दोन वेळ मिळून शंभर ग्रॅम डाळ किंवा वाल, त्याचे २०. मूठभर, म्हणजे पन्नास ग्रॅम शेंगदाण्याचे १२. दोन अंड्यांचे १२. दोन पेले दूध, १६. बेरीज नव्वदवर गेली आणि डबा अजून उघडलेलाही नाही. अंडे खात नसेल तर मूठभर फुटाणे आणि थोड्या सोयाबीनच्या वड्या घ्या. त्या वड्यांत निम्मी प्रथिने असतात, आणि कोणत्याही किराणा दुकानात मिळतात.

पैशाचाही ताळा बघा. चांगल्यातल्या चांगल्या डब्यात किलोमागे आठशे ग्रॅम प्रथिने असतात असे लेबल सांगते. तेवढी प्रथिने पावणेचार किलो तूरडाळीत आहेत. डाळीची प्रथिने अंगाला थोडी कमी लागतात म्हणून पाच किलो धरा. पाच किलो डाळीचा आजचा भाव दुकानात विचारा आणि डब्याची किंमत शेजारी मांडा. अंड्यांचा हिशेब केला तर सव्वाशे-दीडशे अंडी होतात. तीही डब्याच्या निम्म्यात येतील.

आणि लेबल सांगते तेवढे डब्यात असतेच असे नाही. केरळातल्या डॉक्टरांनी देशात विकल्या जाणाऱ्या ३६ पावडरी तपासून घेतल्या आणि २०२४ मध्ये निष्कर्ष छापले. त्यांतल्या २५ पावडरींत लेबलावर लिहिल्यापेक्षा प्रथिने कमी निघाली. काहींत तर निम्म्याहूनही कमी. काही नमुन्यांत बुरशीचे विष सापडले, ज्याला आपण भुईमुगाच्या संदर्भात अफ्लाटॉक्सिन म्हणून ओळखतो. खत बोगस निघाले तर आपण गाव गोळा करतो, पंचनामा मागतो. डबा बोगस निघाला तर पोराचीच तब्येत तशी, म्हणून गप्प बसतो.

पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये लोकांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. दीर्घकाळ जास्त प्रमाणात घेतल्यास हाडांतले कॅल्शियम जाण्याचा आणि मूत्रपिंडाला इजा होण्याचा धोका तिथे नोंदवलेला आहे. ज्यांना मधुमेह आहे, रक्तदाब आहे, त्यांनी तर डॉक्टरला विचारल्याशिवाय अशा डब्याला हात लावू नये. याउलट ऑपरेशननंतर किंवा एखाद्या आजारात डॉक्टरने स्वतः चिठ्ठीवर पावडर लिहून दिली असेल, तर हा लेख वाचून ती बंद करू नका. ती औषधासारखी आहे आणि तिचा काळ डॉक्टर ठरवील.

मुलांच्या दुधात घालायच्या पावडरींचे आणखीच वेगळे. त्यांत पुष्कळदा प्रथिनांपेक्षा साखरच जास्त भरते. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑनलाईन विक्री करणाऱ्यांना सांगितले, की असली माल्टची आणि दुधाची पेये 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली विकू नका, कारण कायद्यात तसा प्रकारच नाही. डबा घ्यायचाच असेल तर पुढचे चित्र बघू नका, मागचा तक्ता वाचा. शंभर ग्रॅममागे प्रथिने किती आणि साखर किती, एवढ्या दोनच ओळी. आणि दोन वर्षांखालच्या बाळासाठी असले अन्न आणि बाटली यांची जाहिरात करायलाच १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. सहा महिने नुसते आईचे दूध, पुढे त्याबरोबर मऊ भातात कुस्करलेली घट्ट डाळ आणि वर थेंबभर तेल. बाळाचा डबा तो हाच.

इथे एका मराठी माणसाचे नाव घेतलेच पाहिजे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. संख्याशास्त्रज्ञ. जागतिक अन्न व शेती संघटनेत १९५१ पासून जवळजवळ वीस वर्षे ते सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. त्या काळात जगभर हाकाटी होती की गरीब देशांत प्रथिनांचे मोठे संकट येणार. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांचा तसा अहवालही निघाला. माशांची पावडर करा, पेंडीचे पीठ करा, गोळ्या करा, असे उपाय निघू लागले. सुखात्म्यांनी आकडे मांडून म्हटले की मुळात पोटच भरत नाही ही अडचण आहे. माणसाचे पोट उपाशी असले तर शरीर प्रथिनेसुद्धा सरपणासारखी जाळून टाकते. त्यातून अंग बनत नाही. आधी भाकरी-भात पुरेसा द्या, त्याबरोबर डाळ द्या, मग वेगळ्या पावडरीची गरज बहुतेकांना राहत नाही. पुढे १९७४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात परदेशी तज्ज्ञानेही प्रथिनांच्या त्या हाकाटीला मोठी फसगत म्हटले. सुखात्म्यांच्या सगळ्याच मतांशी सगळे सहमत नव्हते. पण एवढा मुद्दा टिकला.

म्हणूनच सकाळी उपाशीपोटी पावडर ढोसून पळायला जाणारे पोर महागडे सरपण जाळत असते. आधी भाकरी खा म्हणावे त्याला.

डाळभाताची ताकद किती, याचा ताजा पुरावा झारखंडातला आहे. तिथे क्षयरोग्यांच्या घरांत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. रुग्णाच्या घरातल्या माणसांना दरमहा माणशी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ दिली. ज्यांना हे मिळाले त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण इतर घरांपेक्षा ३९ टक्क्यांनी कमी राहिले. त्यात कुठली परदेशी पावडर नव्हती. माणशी दीड किलो डाळ म्हणजे दिवसाला पन्नास ग्रॅम. आपल्या घरी माणसे किती आणि महिन्याला डाळ किती येते, हा भागाकार आज रात्री करून बघा. बहुतेक घरांत तो पन्नासाला पोचणार नाही.

का पोचत नाही? रेशनवर तांदूळ-गहू फुकट मिळतो, माणशी पाच किलो. डाळ रेशनवर नेमाने मिळत नाही, ती दुकानातून आणावी लागते. पण मुरबाड-शहापूरच्या माणसाने डाळ दुकानातून आणावी अशी वेळ आली, हीच मुळात विचार करण्याजोगी गोष्ट आहे. आपल्या भागात भातकापणी झाली की खाचरातल्या ओलीवर वाल पेरण्याची रीत होती. बांधाला तूर, कुठे हरभरा, कुठे मूग. पौष-माघात वालाच्या शेंगा, मग डाळिंब्या, बिरडे, आणि सुका वाल राख लावून कणगीत, तो थेट पुढच्या पावसाळ्यापर्यंत. पहिल्या पावसात वलगणीचे मासे आणि मुठे. आठवड्याच्या बाजारातून आणलेला सुका जवळा-बोंबील. त्या पिढीने प्रोटीन हा शब्द ऐकला नव्हता, पण पेंढा आणि पेंड दोन्ही तिच्या ताटात होती.

आता दिवाळीनंतर रस्त्याने जाताना बघा. मैलोन्‌मैल खाचरे रिकामी. कारणे सगळ्यांना माहीत आहेत. काही जमिनी फार्म हाऊसवाल्यांकडे गेल्या, कुंपण पडले. माणसे भट्टीवर गेली. पण मालक गावात आहे, जमिनीत ओल आहे, बियाणेही मिळते, तरी वाल पेरत नाही असे जे शेकडो शेतकरी आहेत, त्यांना विचारले तर उत्तर एकच मिळते: "पेरून काय करू साहेब, गुरं ठेवत नाहीत." कापणी झाली की गुरे उनाड सोडायची. एकाने वाल पेरला तर अख्ख्या गावाची गुरे त्याच्याच शेतात. राखण करायला माणूस कुठून आणायचा? म्हणून तोही पेरायचे सोडतो. अशा रीतीने एका गावातली प्रथिने उनाड गुरांच्या पोटात जातात. त्यातून दूधही निघत नाही, कारण तीच गुरे भाकड.

हे कोडे एकट्या शेतकऱ्याला सुटणारे नाही. कृषी खात्यालाही सुटणारे नाही. आम्ही बियाण्याची पिशवी देऊ शकतो, गुरे बांधू शकत नाही. ते काम ग्रामसभेचे आहे. सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायत अधिकारी (आपल्या तोंडी अजून ग्रामसेवकच) यांना माझी विनंती आहे की भात निसवायच्या आधी हा विषय सभेपुढे घ्यावा. सगळे शिवार एकदम नको. पाणथळ, ओल धरणारी खाचरांची एक सलग पट्टी ठरवावी, तिथे वाल निघेपर्यंत, म्हणजे साधारण फाल्गुनापर्यंत चराईबंदी. माळ आणि वरकस जमीन गुरांना मोकळी. गावाने मिळून गुराखी ठेवावा आणि त्याला धान्यात मजुरी द्यावी. ही जुनीच पद्धत आहे. कोंडवाड्याचा कायदा १८७१ सालचा आहे, गावोगावच्या कोंडवाड्यांच्या नुसत्या भिंती उरल्यात, त्या दुरुस्त व्हाव्यात. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडातली काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे पेसा कायद्याने ग्रामसभेच्या शब्दाला अधिकच वजन आहे.

कोणी म्हणेल, गुरे बांधली तर गरिबाची शेळी कुठे चरणार? प्रश्न रास्त आहे. कातकरी, ठाकर वाडीतल्या माणसाला शेळी हीच बँक. म्हणूनच पट्टी ठरवताना वाडीतल्या लोकांना सभेत बसवून ठरवा, त्यांच्या चराईची वाट राखा. आणि ज्याला जमीन नाही त्याला राखणीच्या बदल्यात वालाचा वाटा मिळावा. नाहीतर बंदी कागदावर राहील आणि भांडणे मात्र खरी होतील.

आता थोडे पिकाबद्दल. प्रथिनांत सुमारे सोळा टक्के नत्र असते. भाताला आपण हे नत्र युरियाच्या गोणीतून देतो. वालाच्या मुळांवरच्या गाठीत जे जिवाणू राहतात, ते हेच नत्र हवेतून फुकट घेतात. काही दाण्यात जाते, काही मुळांबरोबर जमिनीत राहते आणि पुढच्या भाताला मिळते. दहा किलो बियाण्याला अडीचशे ग्रॅम रायझोबियम चोळून, सावलीत सुकवून पेरा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कोकण वाल-१ आणि कोकण वाल-२ या जाती आपल्याकडे चालतात. घरचे कडवे वाल चवीला सरस वाटत असतील तर तेच ठेवा, मी अडवणार नाही. मुख्य गोष्ट वेळेची. कापणीनंतर वाफसा असतानाच पेरणी झाली पाहिजे. आठ-दहा दिवस झोडणीच्या गडबडीत गेले की खाचर भेगाळते आणि उगवण बसते. ज्या खाचरात वाल घ्यायचा तिथे पावसाळ्यात कर्जत-१८४ सारखी हळवी भातजात लावा, म्हणजे जमीन लवकर मोकळी होते. फुलोऱ्यात मावा आणि नंतर शेंगा पोखरणारी अळी, या दोघांवर लक्ष ठेवा.

घरातल्या बायांना काही शिकवायची गरज नाही, तरी एक लिहितो. कडवे वाल रात्रभर भिजवून पाणी फेकून द्यावे, मोड आणावेत, सोलून चांगले शिजवावेत. मोडाने आणि शिजवण्याने पचन सोपे होते. आणि वाढताना क्रम बदला. आपल्याकडे घट्ट बिरडे आधी पुरुषांच्या ताटात, मग पोरांच्या, आणि शेवटी बसणाऱ्या बाईला रस्सा. जिला बावीस ग्रॅम जास्त पाहिजेत तीच रश्श्यावर! गरोदर बाईला रोज वाटीभर घट्ट डाळ, एक अंडे आणि मूठभर शेंगदाणे एवढे जादा मिळाले तर वीस ग्रॅमचा हिशेब जवळजवळ पुरा होतो. सुकी मासळी खात असाल तर खारवलेली कमी घ्या, विशेषतः रक्तदाब असेल तर. वाळू लागलेली नको.

सरकारी थाळीकडेही लक्ष असू द्या. अंगणवाडीतल्या मुलाला रोज प्रथिनांचा पूरक आहार मिळाला पाहिजे, शाळेत पाचवीपर्यंत १२ ग्रॅम आणि सहावी ते आठवी २० ग्रॅम, असे नियम आहेत. आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण, आणि नंतर त्यात लहान मुलांना अंडी किंवा केळी आली. शाळेत आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२३ मध्ये झाला होता. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा वेगळा पैसा देणे थांबवले आणि लोकवर्गणीतून जमवा म्हणून सांगितले. ज्या राज्यात पोराच्या एका अंड्याला पैसा कमी पडतो तिथे डब्यांचा धंदा वाढणारच, असे मला वाटते. तरीही ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. तो सतरंज्या आणि खुर्च्यांवर जातो की अंड्यांवर, हे विचारायचा हक्क प्रत्येक मतदाराला आहे. घरी मिळणारे आहाराचे पाकीट शेळीपुढे टाकले जाते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. खाण्याजोगे नसेल तर बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या, पाकिटासकट.

ज्या गावांना या रब्बीत वालाची पट्टी करायची आहे, त्यांनी ग्रामसभेच्या ठरावाची प्रत आणि शेतकऱ्यांची यादी भाद्रपद संपण्याआधी आपल्या गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडे द्यावी. बियाण्याची मागणी तेव्हाच नोंदवावी लागते. कापणी सुरू झाल्यावर आलात तर बियाणे मिळेलही, पण तोवर ओल गेलेली असेल.